पुण्यातल्या नव्या बाबांसाठी: कोणती कामं घ्यायची आणि ती कशी करायची

बहुतेक नवे बाबा सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतात. बाळाच्या आईला विचारतात, "काय करू सांग." मग ती सांगते, ते करतात आणि पुन्हा विचारतात. यात कामं होतात, पण काय करायचंय हे लक्षात ठेवण्याचं ओझं तिच्याच डोक्यावर राहतं. त्याऐवजी दोन-तीन कामं मुळापासून शेवटपर्यंत आपल्या नावावर घ्या. लसीकरण घेतलंत, तर तारीख तुम्हाला पाठ हवी. डॉक्टरांची वेळ तुम्ही घ्यायची, कार्ड तुमच्या पिशवीत असायला हवं, त्या रात्री ताप कोण मोजणार हे आधीच ठरलेलं असावं आणि औषधाचा डोस तुम्हाला ठाऊक असावा. बायकोने त्याबद्दल काही आठवण करून द्यावी लागली नाही, म्हणजे ते काम खरंच तुमचं झालं.

पहिल्या वर्षासाठी आमची शिफारस अशी: लसीकरण आणि कागदपत्रं, रोजची आंघोळ, आणि रात्रीची एक ठरलेली पाळी. दूध पाजणं सोडलं तर यातलं काहीच आईशिवाय अडत नाही.

माहेरचं बाळंतपण आणि रजेचं गणित

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत अजून टिकून आहे. डोहाळजेवण झालं की बायको सांगली, नगर नाहीतर नाशिकला जाते आणि बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर परत येते. बाबा तोवर शनिवार-रविवार पाहुण्यासारखे जाऊन येतात. बाळाला धरायचं कसं, ते रडतं कशासाठी, हे सगळं घर शिकून मोकळं होतं आणि बाबा मागे राहतात. पुढे वर्षभर "त्याला जमत नाही" हे वाक्य जे ऐकू येतं, त्याचं मूळ बऱ्याचदा याच तीन महिन्यांत असतं.

पद्धत मोडाच असं आम्ही म्हणत नाही. आईच्या हाताखाली बाळंतिणीला आराम मिळतो, हे खरंच आहे. पण सातव्या महिन्याच्या आत दोन्ही घरांशी दोन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या: प्रसूतीनंतरचे किती दिवस तुम्ही तिथे मुक्कामी असणार, आणि त्या दिवसांत बाळाची कोणती कामं तुम्ही करणार. सासूबाईंना संकोच वाटतो, जावयाला लंगोट धुवायला कसं सांगायचं! तो संकोच तुम्हीच आधी बोलून मोडायचा असतो.

आता रजा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला दोनपेक्षा कमी अपत्यं असतील तर 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. ती प्रसूतीच्या 15 दिवस आधीपासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते, त्यानंतर ती बुडते. खासगी कंपन्यांवर अशी रजा देण्याचं कायद्याचं बंधन नाही. हिंजवडी-खराडीतल्या बऱ्याच कंपन्या ती देतात, पण दिवस आणि मुदत प्रत्येकीची वेगळी. एचआरला तोंडी विचारू नका, धोरणाचा कागद मागा आणि तीन गोष्टी बघा: रजा तुकड्यांत घेता येते का, किती महिन्यांच्या आत घ्यावी लागते, आणि सुट्ट्या धरून मोजतात की सोडून.

तुकड्यांत मिळत असेल तर सगळी रजा प्रसूतीच्या आठवड्यात संपवू नका. त्या वेळी घरात माणसांची रीघ असते. खरी गरज दोनदा पडते: आई-बाळ पुण्यात परत येतात त्या आठवड्यात, आणि आई कामावर रुजू होते तेव्हा. पहिल्या दोन अपत्यांसाठी आईला कायद्याने 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त आठ प्रसूतीआधी घेता येतात. म्हणजे बाळ साधारण चार ते सहा महिन्यांचं असताना ती ऑफिसला जाऊ लागते. तो पंधरवडा बाळासोबत घरी कोण असणार, हे तेव्हा ठरवायला घेतलं तर उशीर झालेला असतो.

कागदपत्रं: पहिल्या 21 दिवसांत

जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत विनामूल्य होते. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागतं. त्यापुढे परवानगी, आणि वर्ष उलटलं की थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश. रुग्णालयात जन्म झाला असेल तर माहिती रुग्णालयच कळवतं, तुमचं काम असतं फॉर्मवरचं स्पेलिंग तपासणं. सगळा घोळ इथेच होतो. आईचं नाव आधारवर माहेरचं, फॉर्मवर सासरचं. आडनाव इंग्रजीत एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरं. डिस्चार्जच्या गडबडीत सही करू नका. दोघांची आधार कार्डं समोर धरून अक्षर न् अक्षर जुळवा.

माहेरी जन्म झाला तर दाखला त्या गावच्या नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा मिळतो, पुणे महापालिकेचा नाही. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतल्या रुग्णालयात झाला तर पिंपरी-चिंचवड महापालिकेचा. नाव ठरलं नसेल तर नोंद अडवून धरू नका. बारसं होऊ द्या, नाव वर्षाच्या आत फुकट घालता येतं. महाराष्ट्रात 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. घरातल्या ज्येष्ठांना हे आधीच सांगून ठेवा.

1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळा, आधार, पासपोर्ट अशा सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, म्हणून त्याच्या दोन-तीन प्रती काढून ठेवा. पाच वर्षांखालच्या बाल-आधारला बाळाचे ठसे लागत नाहीत, पालकाचे लागतात. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे अद्ययावत करावे लागतात. ऑफिसच्या आरोग्य विम्यात बाळाचं नाव आपोआप चढत नाही. कंपनीने दिलेल्या मुदतीत तुम्हालाच अर्ज करावा लागतो, आणि ही मुदत बऱ्याच जणांची चुकते.

हात बसण्याची कामं

*धरणं.* एक हात मानेखाली-डोक्यामागे, दुसरा ढुंगणाखाली. बाळाची मान साधारण तीन-चार महिन्यांनी सावरते, तोवर डोकं कधीच मोकळं सोडायचं नाही. खेळवतानासुद्धा हलवायचं-झुलवायचं नाही. जोराने हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि हे बहुतेक वेळा रडं थांबेना म्हणून वैतागलेल्या माणसाकडूनच घडतं. असा वैताग आला की बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा आणि पाच मिनिटं गॅलरीत जा. बाळ रडून मरत नाही.

*उघड्या छातीवर घेणं.* बाळाला फक्त लंगोट आणि टोपरं, तुमचा शर्ट काढलेला, बाळ उभं छातीवर, मान एका बाजूला वळलेली, वरून दुपटं. कमी वजनाच्या बाळांसाठी डॉक्टर हे मुद्दाम करायला सांगतात आणि ते बाबांनीही करायचं असतं. पुऱ्या दिवसांच्या बाळालाही याने शांत झोप लागते. एका वेळी किमान तासभर घ्या. आरामखुर्चीत तुम्हालाच झोप लागणार असेल तर घेऊ नका.

*ढेकर.* दूध पिऊन झालं की बाळ खांद्यावर, हनुवटी खांद्याच्या वर, पाठीवर खालून वर हलक्या हाताने थोपटत दहा मिनिटं. प्रत्येक वेळी ढेकर येतोच असं नाही. थोडं दूध बाहेर येणं नेहमीचंच, पण हिरवी किंवा जोरात फवारा उडणारी उलटी झाली तर डॉक्टर.

*लंगोट.* जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यापुढे दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल तर दूध पुरतंय असं समजा. ही मोजणी बाबांनी करावी, कारण "दूध पुरत नाही" अशी कुजबुज घरात सुरू झाली की आकडा हाताशी असलेला माणूस लागतो. कापडी लंगोट वापरणार असाल तर 24 ते 30 नग हवेत. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या बंद गॅलऱ्यांत ते वाळत नाहीत, ओलसर लंगोटाने चट्टे उठतात. म्हणून पावसाळ्यात इस्त्री फिरवा किंवा रात्रीपुरतं डायपर लावा. मुलगी असेल तर पुढून मागे पुसायचं. मुलगा असेल तर पुढची कातडी मागे ओढायची नाही. चट्टे आले तर झिंक ऑक्साइडचं मलम लावा आणि दिवसातून दोन-तीनदा अर्धा तास उघडं ठेवा. पावडर नको, ती श्वासात जाते.

*आंघोळ.* नाळ गळून पडेपर्यंत, म्हणजे एक-दोन आठवडे, अंग पुसून घेतलं तरी पुरतं. नाळेला हळद, तेल, राख काहीही नको, फक्त कोरडी ठेवा. पुढे टबात आधी गार पाणी, मग गरम, आणि तपासायचं कोपराने. कपडे, पंचा, लंगोट आधी मांडून ठेवा, कारण आंघोळीच्या मध्ये बाळाला एका हातात धरून कपाट उघडण्याची वेळ येते, तीच घसरण्याची असते. मालिशवाल्या मावशी येत असतील तर येऊ द्या, पण तुम्ही तिथे बसा. नाका-कानात तेल, डोळ्यांत काजळ आणि वेखंड-ओव्याची धुरी या तीन गोष्टींना नम्रपणे नाही म्हणायचं. काजळात शिसं सापडतं, तेल फुप्फुसात जाऊ शकतं, आणि धुराबद्दल वेगळं सांगायला नको. आजीशी हे भांडण सुनेने करण्यापेक्षा मुलाने केलेलं घरासाठी बरं पडतं.

*झोप.* पाठीवर, कडक सपाट गादीवर, उशीशिवाय. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देण्याची आपल्याकडे हौस असते, ती नको. कुशीवर किंवा पोटावर झोपवल्याने आणि तोंडाजवळच्या मऊ वस्तूंनी श्वास कोंडण्याचा धोका वाढतो.

दूध, पाणी आणि रात्रपाळी

सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, गुटी नाही, आणि मध तर वर्षापर्यंत नाही, कारण त्यातल्या जिवाणूंमुळे लहान बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आईने काढून ठेवलेलं दूध पाजणं हे मात्र बाबांचं हक्काचं काम. ते साध्या खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. एप्रिल-मेमधल्या पुण्यात खोलीचं तापमान 25 अंशांच्या बरंच वर असतं, तेव्हा थेट फ्रीजमध्येच टाका, दारात नव्हे तर आतल्या कप्प्यात. बाहेर काढल्यावर वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा. मायक्रोवेव्ह नको, त्यात दूध मधेच चटका देण्याइतकं तापतं. पाजायला वाटी-चमचा किंवा पालाडं (चोच असलेली छोटी वाटी). बाळ टेकवून बसवलेलं हवं, चमचा खालच्या ओठाला टेकवायचा आणि बाळाने ओढून घ्यायची वाट बघायची. तोंडात ओतलं की ठसका लागतो.

डॉक्टरांनी डब्यातलं दूध सांगितलं असेल तर आधी मोजून पाणी, मग पावडर. बहुतेक डब्यांचं प्रमाण 30 मिली पाण्याला एक सपाट चमचा असतं, तरी डब्यावर वाचा. पातळ केलं तर बाळाचं पोषण होत नाही, घट्ट केलं तर मूत्रपिंडावर ताण येतो आणि बद्धकोष्ठ होतं. पाणी उकळून साधारण 70 अंशांपर्यंत निवलं की पावडर घालावी, मग कोमट करून पाजावं. दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्या. पाण्याच्या बाबतीत पुण्यात हलगर्जी नको. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेडगाव-किरकटवाडी-धायरी भागात, गुलेन बारी सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा दूषित पाण्याचाच प्रश्न समोर आला होता. सोसायटीत टँकर येत असेल तर फिल्टर असला तरी बाळासाठीचं पाणी खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळा.

रात्रीची वाटणी "जो जागा होईल तो उठेल" अशी ठेवली की आईच उठते. घड्याळाने वाटा. उदाहरणार्थ, नऊ ते दोन तुमची पाळी: रडलं की तुम्ही उठायचं, लंगोट बदलायचा, पाजण्यासाठी आईजवळ नेऊन द्यायचं, ढेकर काढून तुम्हीच झोपवायचं. आईला डोळे अर्धवट मिटून पाजता आलं पाहिजे. अमेरिकन शिफ्ट असणाऱ्यांनी उलटं करावं: पहाटे पाच ते नऊ तुमचं, आणि त्या वेळात आईने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं.

प्रसूतीनंतर आई दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास, रडवेली, बाळापासून तुटलेली दिसली, तर "होतं असं" म्हणून सोडू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. हे बाबांनाही होतं. त्यांच्यात ते बहुधा चिडचिडीच्या आणि ऑफिसात उशिरापर्यंत बसण्याच्या रूपात दिसतं. टेलि-मानस, 14416, ही मोफत सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं.

लसीकरण: हे काम पूर्ण तुमचं

सरकारी वेळापत्रक असं: जन्मतः बीसीजी, पोलिओचा तोंडावाटे डोस आणि 24 तासांच्या आत हिपॅटायटिस बी. मग 6, 10 आणि 14 आठवड्यांनी पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस, थोडक्यात पेंटा), पोलिओ आणि रोटाव्हायरस, शिवाय 6 आणि 14 आठवड्यांना न्यूमोकोकल आणि पोलिओचं इंजेक्शन. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला, न्यूमोकोकल आणि पोलिओ इंजेक्शनचा पुढचा डोस, आणि जीवनसत्त्व अ. 16 ते 24 महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि ट्रिपलचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर. पाच-सहा वर्षांनी पुन्हा ट्रिपल. महापालिकेच्या दवाखान्यांत आणि कमला नेहरू, ससूनसारख्या रुग्णालयांत हे सगळं फुकट मिळतं. खासगी बालरोगतज्ज्ञ फ्लू, टायफॉइड, कांजिण्यांच्या लसी जोडतात. पैसे मोजलेली लस चांगली आणि फुकटची हलकी, हा समज सोडा. सरकारी केंद्रात टोचल्या जाणाऱ्या बऱ्याच लसी हडपसरच्या सीरममध्येच बनतात.

तारीख सहा आठवड्यांची म्हणजे दीड महिन्याची नव्हे, 42 दिवसांची. जन्म झाला त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये 42, 70 आणि 98 वे दिवस टाका. साधी सर्दी असेल तर लस पुढे ढकलायची गरज नसते. ढकलायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, शेजारच्या काकू नाहीत. डोस चुकलाच तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिला तिथून पुढे.

पेंटानंतर 24 ते 48 तास ताप, मांडीला सूज, किरकिर हे अपेक्षित असतं. डांग्या खोकल्याच्या घटकामुळे ते होतं. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी गाठ येते, फुटते, व्रण राहतो. तिला मलम लावायचं नाही, शेकायचं नाही.

आता पॅरासिटामॉल, कारण सगळ्यात धोकादायक चूक इथे होते. मात्रा वजनावर असते, एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. पण बाजारात एकाच नावाची तीन द्रावणं मिळतात. ड्रॉप्समध्ये साधारण 1 मिलीत 100 मिलिग्रॅम, साध्या सिरपमध्ये 5 मिलीत 120 किंवा 125, आणि मोठ्या मुलांच्या सिरपमध्ये 5 मिलीत 250. म्हणजे सिरपसाठी लिहिलेले अडीच मिली कुणी ड्रॉप्समधून दिले तर चौपट औषध जातं. डॉक्टरांकडून मात्रा मिलीमध्ये आणि बाटलीच्या पूर्ण नावासह लिहून घ्या, तो कागद फ्रीजवर चिकटवा, आणि वजन वाढलं की नवा लिहून घ्या. दोन डोसांत किमान चार तास, 24 तासांत चारपेक्षा जास्त नाही. दिलेली वेळ कागदावर लिहा. आजीने दुपारी दिलं आणि बाबांनी संध्याकाळी आल्यावर लगेच पुन्हा दिलं, असं सर्रास होतं.

तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट, किंवा जास्त ताप आला तर घरी औषध देत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे. दूध ओढेनासं होणं, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा, झटका, किंवा हलवूनही जागं न होणं यातलं काही दिसलं तर रात्र आहे म्हणून थांबायचं नाही. 108 ला फोन करा किंवा निघा. गरोदरपणातच ठरवून ठेवा की रात्री दोन वाजता घराजवळचं कोणतं रुग्णालय नवजात बाळाला दाखल करून घेतं. सगळी घेत नाहीत.

उष्टावणानंतर

सहा महिने झाले की दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात. मऊ भात-वरण-तूप, मुगाची खिचडी, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं. चमच्यातून खाली गळेल इतकं पातळ नको, चमच्यावर टिकेल असं हवं. वर्षापर्यंत मीठ-साखर घालायची गरज नाही आणि गाईचं दूधही पाजायचं नाही. मोबाइल दाखवून भरवणं हा बाबांचा आवडता शॉर्टकट, पण दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि एकदा लागलेली सवय सोडवताना घास न् घासाला तमाशा होतो.

शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, सुपारीचे तुकडे चार-पाच वर्षांपर्यंत हाती लागू देऊ नका. वर्षाखालच्या बाळाच्या घशात काही अडकलं आणि आवाज निघेना, तर पालथं, डोकं खाली करून मांडीवर-हातावर धरा, खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब, पुन्हा तेच. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. हे वाचून जमत नाही. बाहुलीवर करून दाखवणाऱ्या प्रथमोपचार वर्गात एक सकाळ घाला.

स्कूटर

पुण्यातले बाबा आणि स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभं पोर, हे दृश्य बदलायला हवं. ब्रेक दाबला की पोराची हनुवटी आणि छाती थेट हँडलवर. त्याहून कपटी धोका गाडी उभी असताना असतो: इंजिन चालू, बाबा एका हाताने गेट उघडतायत, आणि पोराने अ‍ॅक्सिलरेटर पिळला. म्हणून मूल चढवण्या-उतरवण्याआधी चावी बंद, दर वेळी.

फेब्रुवारी 2023 पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर चालकाच्या अंगाला बांधणारा सुरक्षा पट्टा हवा, मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. पट्ट्याच्या दोऱ्या चालकाच्या खांद्यांवरून येतात आणि मूल मागे बसतं. हेल्मेट मोठ्या माणसाचं लहान करून चालत नाही, मान वाकते. हनुवटीचा पट्टा बांधल्यावर दोन बोटं जातील एवढाच सैल हवा. नऊ महिन्यांच्या आत दुचाकी नकोच, रिक्षा करा, मधे बसा, कडेला नाही. मोटारीत बाळाची सीट मागच्या बाकावर, तोंड मागे करून, आणि एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर कधीच नाही. पुण्याच्या फुटपाथवर बाबागाडी पन्नास पावलंही सलग जात नाही. तिचे पैसे छातीला बांधायच्या बेबी कॅरियरवर घाला, बाळाचं नाक कापडात दबत नाही एवढं बघून.

पाळणाघर, शाळा आणि रविवार

पाळणाघर बघायला दुपारी दोन वाजता, न सांगता जा. झोपेची वेळ असते, मुलं टीव्हीसमोर बसवलीत की झोपलीत ते कळतं. एका मावशीकडे किती मुलं, आजारी मुलाला वेगळं ठेवतात का, दाराची कडी कोण उघडतं, हे विचारा. 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय द्यावी लागते. तुमच्या कंपनीची सोय बाबांच्या मुलांना खुली आहे का, हा प्रश्न फार थोडे पुरुष विचारतात. पहिल्या आठवड्यात मुलाला तासाभरापासून वाढवत न्या. सोडताना गुपचूप सटकू नका, सांगून निघा. रडेल, पण दुसऱ्या दिवशी तुमच्यावर नजर ठेवून बसणार नाही.

शाळेच्या फॉर्मवर पहिला संपर्क क्रमांक तुमचा द्या. नाहीतर ताप आला, डबा विसरला, बस चुकली, दर वेळी फोन आईलाच जातो आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्ही नसताच. महाराष्ट्रात पहिलीसाठी 31 डिसेंबरला सहा वर्षं, नर्सरीसाठी तीन वर्षं पूर्ण हवीत. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. बैठकीला फक्त फीचा विषय असतानाच जाणाऱ्या बाबांचं शिक्षक ऐकून घेतात, पण मुलाबद्दल काही सांगत नाहीत.

आठवड्यातून एक अर्धा दिवस मुलाला एकट्याने बाहेर न्या. आई सोबत नको, नाहीतर पाण्याची बाटली आणि जादा चड्डी तिच्याच पिशवीतून निघते. पर्वतीच्या 103 पायऱ्या मोजत चढा, शंभरपर्यंत आकडे आपोआप होतात. रेल्वेवेड्या मुलासाठी कोथरूडचं जोशी रेल्वे म्युझियम, प्राण्यांसाठी कात्रज (बुधवारी बंद), पावसाळ्यानंतर तळजाई किंवा वेताळ टेकडी सकाळी साडेसहाला. अप्पा बळवंत चौकात नेऊन एक पुस्तक मुलालाच निवडू द्या. रात्री तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचायला लावेल, वाचा. तुळशीबागेत भातुकली घ्यायला मुलग्यालाही न्या, आणि घरी आल्यावर त्याने केलेला खोटा चहा पिऊन टाका.

तुम्ही काम हाती घेतल्यावर पहिले काही आठवडे ते तुमच्या पद्धतीने होणार, आणि झबलं उलटं घातलं जाणार. अशा वेळी आई किंवा आजी हातातून काम काढून घेतात. भांडू नका, पण सोडूही नका. "पुढच्या वेळी बघतो" म्हणा आणि पुढच्या वेळी खरंच करा. सुरक्षेची गोष्ट असेल तर लगेच ऐका. बाकी टोपरं कोणत्या रंगाचं, केस कोणत्या बाजूला, हे ज्याच्या हातात काम त्याचं.

नोकरी बाहेरगावी असेल, किंवा विभक्त झाल्यामुळे मूल ठरावीक दिवशीच भेटत असेल, तर वेळ कमी असण्यापेक्षा वेळ बदलत राहणं मुलाला जास्त त्रास देतं. रोज साडेआठला पाच मिनिटांचा फोन ठरला असेल तर तो साडेआठलाच करा, आणि विमानात असणार असाल तर आदल्या दिवशी सांगा. "काय केलंस आज?" असं विचारलं तर "काही नाही" एवढंच उत्तर मिळतं. "डब्यात शेजारच्याने काय आणलं होतं?" असं विचारा, मग पंधरा मिनिटं फोन सुटत नाही.